गाडीचं वजन बघा, मग स्टिअरिंग धरा

मागच्या अंकात हेवी लायसनबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रं, व्हॉट्सअप मेसेज यांचा ढीग लागला. बीड, परभणी, जालना, धाराशिव, हिंगोली, सगळीकडून. ऊसतोडीचा सीझन तोंडावर आला की ही विचारणा वाढतेच, कारण ट्रॅक्टरवर बसलेल्या पोरांना ट्रकवर जायचं असतंय आणि ट्रकवरच्यांना टँकरवर. सगळी पत्रं छापणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच टाकली नाहीत. मी स्वतः १९ वर्षं ट्रकवर काढली, आता मोटार ट्रेनिंग स्कूलमधे पोरांना हेवी शिकवतो, तेव्हा जे माहितीय तेवढंच सांगतो.

प्रश्न : भाऊ, मी गेवराई तालुक्यातला, वय २१. नववीतून शाळा सोडली. दोन वर्षं झाली उस्तादासंग ट्रकवर किन्नर म्हणजे क्लीनर म्हणून जायलोय. रात्री रोड मोकळा असला की उस्ताद गाडी हातात देतो, गाडी चांगली येती मला. आता हेवीचं लायसन काढायचंय पण गावात कुणी म्हणतंय दहावी पास लागतं, कुणी म्हणतंय आठवी, आणि एजंट म्हणतो १५ हजार दे, सगळं करून देतो. मोटरसायकलचं लायसन हाय माझ्याकडं. काय करू?

उत्तर : आधी शाळेचं मिटवून टाकू. ट्रान्सपोर्ट लायसनला, म्हणजे माल नाहीतर भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या गाड्यांच्या लायसनला, हेवी त्यातच येतं, आठवी पासची अट होती, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ८ नंबरच्या नियमात, ती २०१९ साली सरकारनं काढून टाकली. दहावीचं म्हणशील तर ती अट एसटीसारख्या नोकरीची असती, लायसनची नाही, आणि लोक दोन्हीची गल्लत करून पोरांना घाबरवतात. नववीतून शाळा सुटली म्हणून तुझं लायसन अडत नाही.

अडतंय ते दुसरीकडंच. मोटरसायकलचं लायसन हेवीसाठी काही कामाचं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ७ आहे, त्यात साफ लिहिलंय की हलक्या मोटार वाहनाचं म्हणजे एलएमव्हीचं लायसन, आपण ज्याला कारचं लायसन म्हणतो ते, किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं कच्चं म्हणजे शिकाऊ लायसनसुद्धा मिळायचं नाही. वय २० पूर्ण लागतंय, ते तुझं झालंय. म्हणजे तुझा रस्ता असा, की आज एलएमव्हीचं कच्चं काढायचं, त्याची कॉम्प्युटरवर परीक्षा असती, १५ प्रश्नांतले ९ बरोबर यायला पाहिजेत, कच्चं मिळाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची ट्रायल देता येत नाही आणि कच्चं सहा महिनेच चालतंय, म्हणून त्याच्या आत ट्रायल देऊन पक्कं करायचं. मग एक वर्ष थांबायचं. मग हेवीचं कच्चं, मोटार ट्रेनिंग स्कूलमधे हेवीचं ट्रेनिंग, स्कूलचा फॉर्म ५ चा दाखला, डॉक्टरचा फॉर्म १ए म्हणजे तब्येतीचा दाखला आणि हेवीची ट्रायल. सव्वा वर्ष तरी धरून चाल. ट्रेनिंग निदान ३० दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर निदान १५ तास, असं नियमात आहे. चार दिवस मैदानात गोल फिरवून दाखला देणारं स्कूल निघालं तर तिथून उठून ये बाबा, तुझं त्यात नुकसान आहे.

ट्रायलला फेल झालास तर खचू नको, सात दिवसांनी परत देता येती. तीनदा फेल झालास तर मात्र ६० दिवस थांबावं लागतंय.

आता पैशाचं. केंद्राच्या नियमातली फी म्हणजे कच्च्याला एका वर्गामागं १५० रुपये, परीक्षेचे ५०, ट्रायलचे ३००, लायसनचे २००. कार्डाचा, पोस्टाचा किरकोळ खर्च असतोय आणि स्कूलची फी वेगळी, ती खरी मोठी असती. पण १५ हजारात "सगळं करून देतो" म्हणणारा तुला नेमकं काय देतोय ते विचार. ते एक वर्ष तो मागंपुढं करू शकत नाही, सारथी या सरकारच्या लायसनच्या पोर्टलवर तारखा असतात. तो देतोय फक्त न शिकता मिळालेला कागद, आणि त्या कागदावर तू १६ टायरची गाडी घेऊन मांजरसुंब्याचा घाट उतरणार.

घाटाचं मुद्दाम सांगतो कारण तू लिहिलंस "गाडी चांगली येती". रात्री मोकळ्या रोडला सरळ चालवणं ही गाडी येणं नाही. आमच्या उस्तादानं मला पहिले १५ दिवस स्टिअरिंग दिलंच नाही. सकाळी गाडी चालू करून हवेच्या काट्याकडं बघत बसायचं, ब्रेकची हवा पुरी भरली नाही तोवर गाडी हलवायची नाही. तोवर खाली उतरून पान्यानं एकेक टायर वाजवून बघायचा, भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो आणि हवा कमी असली की तोच आवाज दबका, मेलेला येतो, कान तयार झाला की डोळे मिटून सांगता येतंय कुठल्या टायरनं दगा दिलाय. आतल्या जोडीचा टायर बसला असला तर बाहेरून दिसतच नाही, आवाजानंच कळतंय. मग घाट. ज्या गिअरमधे चढ चढलास त्याच गिअरमधे उतार उतरायचा, डिझेल वाचवायला न्यूट्रल मारला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, सतत पाय दाबून हवा संपत जाती, आणि मग पायाखाली पेडल असतंय पण गाडी थांबत नाही. हे ज्याला समजलंय त्यालाच मी माझ्या स्कूलमधून दाखला देतो.

आणि ते रात्रीचं बंद कर. आज तुझ्याकडं ट्रकचं कच्चंसुद्धा नाही. कलम १८१ खाली तुला ५ हजार दंड नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि गाडी हातात देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली तेवढाच. हेवीचं कच्चं आल्यावर शेजारी हेवी लायसनवाला बसवून, पुढंमागं पांढऱ्यावर लाल एल लावून चालव ना, हक्कानं चालव.

प्रश्न : आम्ही कन्नड तालुक्यातले. माझी स्वतःची पिकअप आहे, अद्रक, टोमॅटो घेऊन जाधववाडीला मार्केटला जातो, गावातल्या चार जणांचा मालही भाड्यानं नेतो. लायसन माझं साध्या कारचं. एकानं सांगितलं पिवळी पाटी आहे, ट्रान्सपोर्ट लायसन नाही तर दंड बसेल, अपघात झाला तर विमा मिळणार नाही. दुसरं, भाचा उन्हाळ्यात गावोगावी पाणी टाकणाऱ्या टँकरवर लागायचं म्हणतोय, त्याचंही कारचंच लायसन. दोघांचं चालतंय का?

उत्तर : दादा, तुमचं चालतंय, भाच्याचं चालत नाही. का ते नीट वाचा, कारण यावेळी सगळ्यात जास्त पत्रं याच गोष्टीवर आलीत.

कायद्यात हलकं मोटार वाहन म्हणजे काय ते वजनावर ठरतंय. मालाची गाडी असो की प्रवाशांची, भरलेल्या गाडीचं एकूण वजन म्हणजे ग्रॉस वेट ७५०० किलोच्या आत असलं की ती हलकी. पूर्वी अशा हलक्या पण पिवळ्या पाटीच्या गाडीला वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागायचा, आणि तो नसला की विमा कंपन्या क्लेम नाकारायच्या, त्यावरून देशभर हजारो केसेस झाल्या. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं मुकुंद देवांगन प्रकरणात सांगितलं की वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. विमा कंपन्यांनी परत तो मुद्दा काढला, तो पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढं गेला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला त्या पीठानंही तेच कायम केलं. म्हणजे एलएमव्ही लायसनवर ७५०० किलोच्या आतली मालाची गाडी चालवता येती. तुमची पिकअप, छोटा हत्ती, ४०७ सारख्या गाड्या यात बसतात. या निकालानं हजारो गरीब ड्रायव्हरांच्या डोक्यावरची टांगती तलवार काढली असं मी मानतो, मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

पण "मिनी ट्रक", "आयशर" या नावांवर जाऊ नका, एकाच कंपनीची एक गाडी ७ टनाच्या आत असती आणि दिसायला तशीच दुसरी ११ टनाची. आरसी बुक हातात घ्या. त्यावर दोन वजनं असतात, एक रिकाम्या गाडीचं आणि एक भरलेल्या गाडीचं. मालाच्या गाडीचं भरलेलं बघायचं. ७५०० च्या वर एक किलोही असला तर हेवीचं लायसन लागणार.

आता भाच्याचा टँकर. आपल्याकडं उन्हाळ्यात गावांना पाणी टाकणारे टँकर साधारण १० हजार, १२ हजार लिटरचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १२ हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच १२ टन झालं, गाडीचं वजन अजून धरलंच नाही. कारच्या लायसनवर ही गाडी कुठल्याच हिशेबात बसत नाही. शिवाय पाण्याचा टँकर अर्धा रिकामा असला की वळणावर आतलं पाणी एका बाजूला लोटतं आणि गाडीला ओढून नेतं, भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा टँकर अवघड असतो, हे नवख्याला कुणी सांगत नाही. भाच्याच्या एलएमव्हीला वर्ष झालं असलं तर त्याला लगेच हेवीच्या कच्च्याला बसवा, उन्हाळ्याच्या आत लायसन हातात येईल.

विम्याचं माझ्या स्वतःच्या आयुष्यातलं सांगतो. सुरवातीच्या दिवसात मी पण कारच्या लायसनवर ट्रक चालवला, मालक म्हणायचा कागदाचं मी बघतो, तू गाडी बघ. एका गावाच्या फाट्यावर मोटरसायकलवाला आडवा आला, मी ब्रेक मारला पण मागचं चाक त्याच्या पायाला लागलं. माणूस वाचला, पाय गेला. पुढं क्लेमची केस लागली, मला साक्षीला बोलावलं. समोरच्या वकिलानं काही आरडाओरडा केला नाही, त्यानं फक्त माझं लायसन हातात घेतलं आणि त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली, एलएमव्ही, आणि मग ट्रकच्या आरसीवरचं वजन वाचलं. बास, तेवढंच. विमा कंपनीनं जखमीला पैसे दिले आणि कोर्टाच्या परवानगीनं ते सगळे मालकाकडून वसूल केले. मालकानं दोन एकर विकलं. मला त्यानं कामावरून काढलं, आणि मी त्याला दोष देऊ शकलो नाही, पण खरं तर आम्हाला दोघांना माहीत होतं. तो वाचनाचा आवाज अजून कानात आहे. म्हणून मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी आरसी वाचायला लावतो, गिअर नंतर.

दादा, तुमच्या पिकअपला एक गोष्ट लागू आहे ती अजून लिहितो. लायसन ठीक असलं तरी गाडीचं परमिट, फिटनेस, विमा चालू पाहिजे, आणि क्षमतेच्या वर माल भरू नका. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. चार जणांचा अद्रक एकाच फेरीत न्यायचा मोह होतोय, मला माहितीय, भाडं एका फेरीचं वाचतं. पण पाटे मोडलेली पिकअप रस्त्यात उभी राहिली की अद्रकही जातंय आणि मार्केटही.

प्रश्न : कळंबहून लिहितेय. वडील ५२ वर्षांचे, ट्रकवर आहेत. लायसन संपून पाच महिने झाले, ते म्हणतात एक महिना चालतं आणि नंतर दंड भरला की झालं. खरं आहे का?

उत्तर : ताई, एक महिन्याची सवलत पूर्वी होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. आता ज्या तारखेला लायसन संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते नाही असंच धरायचं. ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षांचं असतंय, पूर्वी तीनचं होतं, त्यामुळं पण जुन्या ड्रायव्हरांचा हिशेब चुकतो. संपल्याच्या आधी एक वर्षापासून रिन्यूला टाकता येतं, संपल्यावर एक वर्षाच्या आत टाकलं तर पुन्हा ट्रायल लागत नाही, वर्ष उलटलं तर ट्रायल परत द्यावी लागती. वडिलांना पाचच महिने झालेत म्हणजे ट्रायलशिवाय होईल, डॉक्टरचा फॉर्म १ए घ्या आणि याच आठवड्यात अर्ज टाका. रिन्यू होईपर्यंत मात्र गाडीवर जाऊ देऊ नका. रिन्यू झालं तरी मधले पाच महिने भरून निघत नाहीत, त्या दिवसात काही घडलं असलं तर लायसन नव्हतं असंच गणलं जातं. घरच्या कॅलेंडरवर बाकीच्या तारखांसंग ती पण तारीख लिहून ठेवा, आई-बहिणींनी लक्षात ठेवलेली तारीख चुकत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी मूळ परभणीचा, चाकणला कंपनीत आहे. हेवीसाठी दर वेळी परभणीला यावं लागेल का?

उत्तर : नाही. राज्यातल्या कुठल्याही आरटीओत अर्ज करता येतोय, कायद्यात तसा बदल २०१९ ला झाला. फक्त जिथं ट्रेनिंग घेशील तिथंच ट्रायल ठेव, कारण ट्रायलला गाडी आपल्याला आणावी लागती आणि ती सवयीची असली की हात थरथरत नाहीत.

प्रश्न : आता आरटीओत ट्रायल बंद झाली, ड्रायव्हिंग स्कूलचंच सर्टिफिकेट चालतं असा मेसेज फिरतोय. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या स्कूलवालेही तसंच म्हणतात.

उत्तर : मेसेज अर्धवट आहे. १ जुलै २०२१ पासून सरकारनं मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर अशी वेगळी व्यवस्था आणली, त्या सेंटरमधून पास झालेल्याला आरटीओची ट्रायल माफ आहे हे खरं. पण ते सेंटर म्हणजे नाक्यावरचं एक टेबल नि एक जुनी कार नाही. हेवीचं शिकवायचं तर दोन एकर जागा, सिम्युलेटर, ट्रॅक, आणि तिथला हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा, हलक्या गाडीचा चार आठवड्यांत २९ तासांचा. साध्या मोटार ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म ५ घेऊन ट्रायल चुकत नाही. माझंही स्कूल साधंच आहे, माझ्या पोरांना पण ट्रायल द्यावीच लागती, आणि ती द्यावी असंच मला वाटतं. स्कूलवाल्यांना मान्यतेचा कागद दाखवा म्हणा, नुसत्या तोंडी बोलण्यावर पैसे भरू नका.

प्रश्न : जालन्याचा आहे. हेवी लायसन तीन वर्षांपासून आहे. मित्र पानेवाडीहून डिझेलचे टँकर आणतो, पगार बरा आहे. मला पण जायचंय पण म्हणतात वेगळं लायसन लागतं आणि इंग्रजी पाहिजे. इंग्रजी मला येत नाही.

उत्तर : वेगळं लायसन नाही, आहे त्याच लायसनवर धोकादायक मालाची नोंद करून घ्यायची असती. डिझेल, पेट्रोल, गॅस, अ‍ॅसिड या सगळ्याला ती लागती, आणि इथं ७५०० किलोची सवलत धरायची नाही, गॅस सिलिंडरची छोटी गाडी असली तरी नोंद पाहिजे. त्यासाठी सरकारमान्य संस्थेत तीन दिवसांचं ट्रेनिंग. ही नोंद असलेलं लायसन तीन वर्षांचं, आणि रिन्यूच्या वेळी एक दिवसाचा उजळणी कोर्स.

इंग्रजीचं खरं आहे. ९ नंबरच्या नियमात लिहिलंय की एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता लिहिता आली पाहिजे. घाबरू नको, तिथं कुणी तुझ्याकडून निबंध लिहून घेत नाही, पण अट उगीच घातलेली नाही. टँकरच्या मागं नि बाजूला जो चौकोनी फलक असतो त्यावर मालाचं नाव, नंबर असतात, आणि केबिनमधे ट्रेम कार्ड ठेवावं लागतं, गळती झाली, आग लागली तर काय करायचं, पाणी मारायचं की नाही, हे त्यावर असतं. रात्री दोन वाजता व्हॉल्व्हमधून थेंब पडायला लागला तर ते कार्ड तुलाच वाचायचंय, शेजारी कुणी नसतंय. लेकरं शाळेत जात असतील तर त्यांच्याकडून रोज दहा शब्द शिक, टँकरवरचेच शब्द घे, फ्लॅमेबल, डेंजर, व्हॉल्व्ह, लीक. दोन महिन्यात हात बसतो. माझ्याकडं चाळिशीतले दोघं असे शिकून गेले.

प्रश्न : हिंगोलीहून. मी दोन लेकरांची आई, वय ३१. कार येते, लायसन चार वर्षांपूर्वीचं आहे. रिक्षा चालवू की एसटीची तयारी करू? घरचे म्हणतात बाईचं काम नाही.

उत्तर : ताई, बाईचं काम नाही असं कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही, आणि २०२३ पासून एसटीच्या स्टिअरिंगवरही बाई दिसायला लागली, ते घरच्यांना दाखवा. तुमच्या जमेच्या बाजूला मोठी गोष्ट ही की एलएमव्हीला चार वर्षं झालीत, म्हणजे हेवीच्या कच्च्याला तुम्ही उद्या अर्ज करू शकता. एसटीला हेवीचं लायसन, बॅज आणि दहावी लागती, उंचीची अट जाहिरातीत असती ती आधी बघून घ्या म्हणजे खर्च वाया जाणार नाही. रिक्षा असो की टॅक्सी, भाड्यानं प्रवासी न्यायचे म्हणलं की महाराष्ट्रात बॅज, आपण बिल्ला म्हणतो तो, काढावा लागतोय, त्याला पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होती. पडताळणीला वेळ जातो म्हणून तो अर्ज पहिला टाका.

मला विचाराल तर दोन्ही करा. बिल्ला काढून रिक्षा सुरू करा, घरात पैसा येऊ द्या, आणि सकाळच्या वेळेला हेवी शिका. माझ्याकडं आतापर्यंत तीन बायका हेवी शिकल्या, तिघींनी पण आरशात बघायची सवय पोरांपेक्षा लवकर लावून घेतली. सुरवातीला क्लच जड वाटतो. त्याला सीट पुढं घ्या, पाठ टेकवा, पायाच्या बोटांनी दाबू नका, पूर्ण पंजा ठेवून मांडीच्या जोरानं दाबा, आठवड्यात पाय दुखायचं थांबतंय.

प्रश्न : ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस नेतो, माजलगाव भागात. कारचं लायसन चालतं का, का ट्रॉली लावली की हेवी?

उत्तर : ट्रॅक्टरचं रिकामं वजन ७५०० किलोच्या आत असलं की तो हलक्या वाहनात येतो, आपले शेतीचे सगळेच ट्रॅक्टर त्यात बसतात. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन बाद होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००१ सालीच नागशेट्टी प्रकरणात सांगितलंय. पण तुम्ही दुसऱ्याचा ऊस भाड्यानं नेत असाल तर विम्याचा कागद काढून बघा, तो फक्त शेतीकामाचा आहे का वाहतुकीचा, भांडण तिथं होतं. आणि मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावा हो. ऊस लोंबून आधीचा रिफ्लेक्टर झाकला जातो, म्हणून एक खाली बंपरच्या पट्टीला आणि एक बाजूला उंच लावा, रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला काळी ट्रॉली दिसत नाही, किती घरं त्यात गेलीत आपल्याकडं.

प्रश्न : औसा तालुक्यातून. माझ्या मुलाला लहानपणापासून लाल-हिरवा रंग ओळखताना गडबड होते. त्याचा जीव ड्रायव्हिंगमधे आहे, दुसरं काही करायचं म्हणत नाही. डॉक्टर फॉर्मवर सही करतील का? खोटं सांगून फॉर्म भरायचा का असं तो विचारतोय. चष्माही आहे.

उत्तर : माय, खोटं सांगायची गरजच पडू नये अशी सोय आता झालीय. रंगांध म्हणलं की पूर्वी सरळ नकार मिळायचा, जून २०२० मधे केंद्रानं फॉर्म १ आणि १ए बदलले आणि सौम्य, मध्यम प्रमाणात रंगाची गडबड असणाऱ्याला लायसन मिळू शकेल असं केलं. तीव्र असली तर मिळत नाही. म्हणजे आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन प्रमाण किती आहे ते लिहून घ्या, ठिपक्यांच्या पाटीवरचे आकडे वाचायला लावतात, दहा मिनिटांचं काम आहे. लातूरला सरकारी दवाखान्यात दाखवा. सौम्य निघालं तर तो कागद फॉर्म १ए करणाऱ्या डॉक्टरपुढं ठेवा.

चष्म्याची काळजी करू नका, चष्मा लावून दिसलं तरी चालतंय. फॉर्ममधे विचारलेलं असतंय की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येती का. हे घरीच करून बघा. अंगणात गाडी उभी करून तिथून सरळ मोठी ३३ पावलं चालत जा, साधारण २५ मीटर होतात, मग एक डोळा झाकून वाचायला लावा, मग दुसरा. प्लेट ओळखीची नको, त्याला स्वतःच्या गाडीचा नंबर पाठ असणार, शेजाऱ्याची गाडी घ्या. दोन्ही डोळ्यांनी अडखळत असला तर फॉर्म भरायच्या आधी चष्म्याचा नंबर बदलून घ्या, जुना असेल. फिट येत असतील, कधी आल्या असतील तर तेही डॉक्टरला सांगा, ते लपवू नका. आणि प्रमाण तीव्र निघालं तर मला परत लिहा, वर्कशॉपचं, टायरचं, गाड्यांच्या बॅटरीचं काम शिकवणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, पोराचा जीव गाड्यांत असला तर तो तिथंही रमेल.